काळूराम काही उतरेना

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पुढे मी माझी बाजू मांडणार आहे, आणि ती मांडायला लागलो की लोक जास्तच हसतात असा अनुभव आहे.

पंच्याऐंशी-शह्याऐंशीची गोष्ट. मी कॉलेज सोडून घरी बसलेलो. 'सोडून' हा माझा शब्द, बाबा 'हाकलून' म्हणायचे. दोन्ही खरं. पुढे एकच वाट उरली होती: पुण्याला ट्रॅक सायकलिंगची ट्रायल. निवड झाली की स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी. ट्रॅकची सायकल म्हणजे फिक्स चाकाची. फ्रीव्हील नाही, ब्रेक नाही. चाक फिरलं की पायडल फिरणारच. फ्रेम जमवली होती, मागचं चाक राहिलं होतं. गाडी अडली होती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे सुपरवायझर. त्यांचा कौल साध्या हबला: सुट्या गोळ्या, महिन्याला उघडा, रॉकेलने धुवा, ग्रीस भरा. आमच्या घरात देव सोडले तर सगळं रॉकेलने धुतलेलं होतं. मला हवं होतं सील्ड बेअरिंगचं. आत सगळं कायमचं बंद. धूळ जात नाही, पाणी जात नाही, उघडायची भानगड नाही.

"जे उघडून बघता येत नाही त्यावर विश्वास ठेवू नये," बाबा म्हणाले. "मग ते हब असो नाहीतर कार्टं."

एवढं ऐकल्यावर मी त्याच दिवशी उल्हासनगर कॅम्प पाचला जाऊन सील्ड हबचं चाक उचलून आणलं, घरात न सांगता. दुकानाचा सिंधी शेठ म्हणाला, इम्पोर्टेड आहे. कॅम्प चारमधून कॅम्प पाचात आलेल्या मालालाही तिथे इम्पोर्टेडच म्हणतात. पण माणूस दिलदार. "आठ दिन चला के देख, पुट. नहीं जमा तो वापस ला, सादा वाला ले जा."

आता आठ दिवसांत हबची परीक्षा कशी घ्यायची? इथे माझी अक्कल चालली. चालली म्हणजे कुठल्या कुठे गेली.

अंबरनाथ पूर्वेच्या मैदानात रविवारपासून काळूराम सायकल चालवणार होता. वांगणीपलीकडच्या पाड्यावरचा गडी. सात दिवस जमिनीला पाय लावायचा नाही. जेवण, दाढी, अंघोळ, सगळं सायकलवर. सायकल फिक्स चाकाचीच, नाहीतर इतकी हळू चालवताच येत नाही. सात दिवस न थांबता, मैदानाची धूळ, वर रोज अंघोळीची बादली. कुठल्या कारखान्यात अशी टेस्ट होते, सांगा मला? शनिवारी चाक नेऊन दिलं. तो म्हणाला, "ठेव. बसवतो सकाळच्याला."

आणि ही तर नुसती अर्धी चूक.

तिथेच हा कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाची म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती, आजच्या पिढीत जिद्द नाही यावर त्यांचं एकमत चाललेलं. मला राहवलं नाही. म्हटलं, हे सायकलवाले रात्री उतरून झोपतात, तुम्ही सकाळी हार घेऊन येता, बावळटांनो. सगळ्यांच्या तोंडावर.

झालं. मंडळाचा अपमान. ताबडतोब चोवीस तासांचा पहारा ठरला. पहारेकऱ्यांचे प्रमुख म्हणून रिंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून, एका गोणीवर पाय ठेवून कोण बसलं असेल? आमचे तीर्थरूप. कारखान्यातून रजा काढून.

रविवारी उद्घाटनाला मी गेलो नाही. त्या लोकांची भाषणं कोण ऐकणार?

बुधवारी पोस्टकार्ड आलं. पुढच्या महिन्यातली ट्रायल अलीकडे घेतली होती. शुक्रवारी सकाळी.

धावत मैदानात गेलो. काळूराम संथ गोल फिरत होता. चाकाच्या तारांत रंगीत कागद विणलेले, हबवर झेंडूचा गजरा. आणि चाकातून आवाज येत होता: खर्र, खर्र. तीन दिवसांत सील्ड बेअरिंगचा निकाल! मग तर चाक हातात यायलाच हवं होतं. हे परत केल्याशिवाय शेठ दुसरं देणार नव्हता. पण बाबा दहा पावलांवर. 'माझं चाक' म्हणायची सोय नाही. मी त्याच्या बाजूने चालत राहिलो.

"काळूराम, उतर."

"नाय."

"अरे, माझं काम आहे. उतर."

"तूच बोल्लास ना, रातचं उतरतात? आता मेलो तरी नाय उतरत."

माइकवाल्याने लगेच जाहीर केलं की एक तरुण काळूरामचा पण मोडायला आलाय. गर्दी दुप्पट झाली. काळूरामला तीन हार पडले, मला एका आजीची छत्री.

गुरुवारी मी थेट सायकलच्या पुढ्यात आडवा उभा राहिलो. बघू म्हटलं आता. पण फिक्स चाक आहे ना, ते मागेही चालतं! पठ्ठ्या पायडल उलटं मारत मागे मागे गेला आणि अख्खं रिंगण उलटं फिरला. असल्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. बाबांनी शिट्टी मारून मला बाहेर काढलं.

शुक्रवार आला आणि गेला. पुण्यात ट्रायल झाली, माझ्याशिवाय.

रविवारी संध्याकाळी काळूराम उतरला. फटाके, शाल, नारळ. मी पाना घेऊन तयार. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? बाबांसमोरच म्हटलं, "दे माझं चाक."

शाल सावरत तो म्हणाला, "तुजा चाक? तो मी बसवलाच नाय. जो उघडून बगता येत नाय त्याच्यावर सात दीस कोण बसंल? मी माजाच लावला. तुजा त्या गोणीत हाय."

गोणीत. सात दिवस बाबांच्या पायाखाली.

मी, हबचा मोठा जाणकार, दोन दिवस त्या चाकाच्या बाजूने चाललो होतो. त्याच्या साध्या हबमधल्या सुट्या गोळ्यांची खरखर कानांनी ऐकत होतो.

बाबांनी पाय काढले, चाक बाहेर घेतलं, आस दोन बोटांत धरून फिरवलं. बराच वेळ फिरलं, आवाज न करता. "हब चांगलं आहे," ते म्हणाले. "चाक हवं होतं तर चाक मागायचं. उतर, उतर काय?"

घरी येऊन चाक फ्रेमला बसवलं आणि अंगणात सायकलवर चढून भिंतीला धरून बसलो. जायचं कुठेच नव्हतं. मनाशी ठरवलं, आता कोणी काही म्हणो, आपण उतरायचं नाही.

आतून बाबांचा आवाज आला, "उतर, पानं वाढलीत."

काळूराम अख्ख्या अंबरनाथला सात दिवस पुरून उरला. मी पहिल्या हाकेला उतरलो.