भाडेकरूंनी ठेवलेलं नाव

आमच्या दारात कुत्रं होतं, पण ते पाळलेलं होतं असं म्हणायची सोय नव्हती. कुणी पाहुणा सहज म्हणाला, ‘कुत्रा चांगला पाळलाय’, की मामंजी, म्हणजे माझे सासरे, लगेच दुरुस्ती करायचे. ‘पाळल्यालं न्हाई त्ये. राखणीचं हाय.’ पाळायची ती म्हैस आणि कोंबड्या. कुत्रं नुसतं ठेवायचं.

राखणीच्या कुत्र्याला एकाच हातचं खायला घालायचं, असा त्यांचा नियम होता. म्हणजे मग चोरानं काही टाकलं तरी ते तोंड लावत नाही. त्यामुळे भाकरी मी थापायची, मी भाजायची, आणि नेऊन घालायची मात्र मामंजींनी. दिवसभर ते दारातल्या आंब्याला साखळीनं बांधलेलं, तिन्हीसांजेला मोकळं. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. त्याच्याशी बोलायचे शब्दही तीनच. कुणाच्या अंगावर सोडायचं तर ‘छू’, हाकलायचं तर ‘हाड’ आणि बोलवायचं तर ‘यू यू’. गावातल्या सगळ्याच कुत्र्यांना यू यू म्हणतात. आणखी वेगळं नाव हवं असं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

मला कुत्र्यांची माया होती आणि मी मूग गिळून बसले होते, असं काही नाही. माझं माहेर भूगावचं. तिथले बंगलेवाले कुत्र्याला स्वेटर घालून फिरवतात आणि वाटेत कुणी भेटलं की त्याच्याशी इंग्रजीत बोलतात. ते बघून आम्ही बहिणी पोट धरून हसायचो. पण दिवसभर ती साखळी खुळखुळायची. मी ओट्यापाशी भांडी घासत असले की ते कुत्रं साखळी ताणून माझ्याकडे बघत बसायचं, आणि मी पाठ करून घासायची. कुणाला सांगायचं? नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्याला काहीही सांगा, ‘बघू’ म्हणतो, आणि ते बघणं कधी होत नाही.

मग आमच्या मागच्या खोल्यांमध्ये दोन मुली भाड्यानं राहायला आल्या. हिंजवडीच्या ऑफिसात कामाला. गावाकडच्या घरांच्या आठवणीनं रडवेल्या, पण स्वभावानं चांगल्या. मला ‘आंटी’ म्हणायच्या. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असतील, तरी आंटी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साखळीजवळ बसून कुत्र्याला चहात बुडवून बिस्किट घातलं, आणि आमच्या एकाच हातचं खाणाऱ्या कुत्र्यानं ते गिळून आणखी मागितलं.

मामंजी संतापले. मुलींना बोलायला त्यांना संकोच वाटत होता, म्हणून मला बोलले. ‘सूनबाय, सांग त्या पोरींना. कुत्र्याला लाड लावलं का त्ये कामाचं ऱ्हात न्हाई.’

मी सांगितलं. मुली म्हणाल्या, ‘आंटी, ही इज सो स्वीट, दिवसभर बांधून ठेवता, पाप लगेगा.’ मी मध्ये. दोन्हीकडून ऐकून घ्यायला मीच सापडते. पाप लागतं म्हणणाऱ्यांना राखण करावी लागत नव्हती, आणि राखण हवी असणाऱ्यांना त्या जिवाचं तोंड बघावं लागत नव्हतं. मला दोघांचाही राग यायचा.

मी शेवटी गप्प बसले, आणि मुलींनी त्याचा अर्थ ‘परवानगी’ असा घेतला. महिनाभरात कुत्र्याला शांपू लागला. माझ्या शांपूपेक्षा भारी वासाचा. ते त्यांच्या खोलीत पायपुसण्यावर झोपायला लागलं. एका रविवारी त्याचा वाढदिवस झाला, केक आला, आणि डोक्याला कागदी टोपी घातलेलं आमचं राखणीचं कुत्रं मी या डोळ्यांनी पाहिलं. नावही तेव्हाच ठेवलं. कुठल्याशा इंग्रजी मिठाईचं नाव. मुली दिवसातून पन्नास वेळा ते नाव घ्यायच्या, आणि कुत्रं पन्नास वेळा धावत जायचं. मामंजी ते नाव ऐकलं की थुंकून यायचे.

आणि वर्ष होतं न होतं तोच मुलींची बदली झाली. बंगळूरला. दोघी कुत्र्याच्या गळ्यात पडून रडल्या, फोटो काढले, ‘आंटी, प्लीज काळजी घ्या हं त्याची’ म्हणाल्या आणि टॅक्सीत बसून गेल्या. एकदा व्हिडिओ कॉल आला. फोनमधून आवाज येतोय आणि माणूस नाही, म्हणून कुत्रं फोनच्या मागे जाऊन बघून आलं. मग कॉलही आला नाही. इतकं जीव लावून उठून जाणारी माणसं मला आजही कळत नाहीत. न्यायचं नव्हतं तर नाव कशाला ठेवलंत?

कुत्रं त्या कुलूप लावलेल्या खोलीच्या दाराशी पडून राहिलं. मामंजी भाकरी घेऊन जायचे, समोर टाकायचे, ते मान फिरवायचं. पाच-सहा दिवस असं चाललं. मामंजींना ते लागलं होतं, पण त्यांच्याकडे दुःखाला राग सोडून दुसरी वाट नाही. ‘मरंना का,’ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी परत भाकरी घेऊन गेले.

त्यानंतर विहिरीवरची केबल चोरीला गेली. मोटरपासून खांबापर्यंतची सगळी, तांब्यासाठी कापून नेलेली. सकाळी मामंजी विहिरीवरून आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटाचा रिकामा पुडा होता. चोरांनी आणला होता. कुत्र्यानं तो खाल्ला असणार, आणि शेपूट हलवत त्यांची सोबत केली असणार. मामंजींनी पुडा माझ्यापुढे टाकला. जणू मीच घातला होता.

‘हितं ठेवायचं न्हाई आता ह्ये. घाटात सोडून या.’

आमच्याकडे नको झालेलं कुत्रं ताम्हिणी घाटात सोडतात. ढाबे आहेत, फिरायला येणारे लोक काहीबाही टाकतात, आणि तिथून परत घरी येणं कुत्र्याला जमत नाही. नवऱ्यानं सोडायचं ठरलं. रविवार उजाडला आणि त्याला ड्यूटी लागली. ‘अगं, तुझी व्हॅन आहेच की, आज शाळा नाही,’ म्हणाला. मी शाळेतल्या मुलांची व्हॅन चालवते. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. रागारागानं सगळी कामं उरकायची माझी जुनी खोड आहे, त्यातलंच हे एक.

मागच्या सीटवर ते शहाण्यासारखं बसलं. पौड गेलं, मुळशीचं धरण गेलं, ते आपलं काचेला नाक लावून बाहेर बघतंय. मी मुद्दाम आरशात बघत नव्हते. पाऊस सरून महिना झाला होता, तरी ताम्हिणीला रस्ता ओलाच होता. एका ढाब्यापाशी व्हॅन थांबवून दार सरकवलं. त्यानं उडी मारली आणि सरळ एका गाडीवाल्या कुटुंबाकडे गेलं. त्यांची भजी चालली होती. यानं पुढचा पंजा वर केला, मुलींनी शिकवलेला, आणि ते हसून त्याला भजी टाकू लागले. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, चला, बरं झालं. दार लावलं आणि चावी फिरवली.

तेवढ्यात ढाब्यामागच्या उकिरड्याकडे लक्ष गेलं. सात-आठ कुत्री होती. एकाच्या गळ्यात अजून लाल पट्टा. एक लॅब्रेडोर, म्हणजे एकेकाळी कुणाच्या तरी सोफ्यावर बसलेला, खरजेनं उघडा पडलेला. शेजारी एक दांडगं गावठी, गळ्यात तुटक्या साखळीचा तुकडा. लाडाचं आणि राखणीचं, दोन्ही एकाच पत्रावळीवर भांडत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. राग कुणावर ते सांगता येणार नाही. सगळ्यांवर, आणि सर्वांत आधी चावी फिरवणाऱ्या या माझ्या हातावर.

मी उतरले. ‘यू यू यू,’ हाक मारली. उकिरड्यावरची सगळी कुत्री माझ्याकडे पळत आली, लॅब्रेडोर लंगडत सर्वांत शेवटी. आमचं तेवढं आलं नाही. ते भजी खात होतं. मी पुन्हा ‘यू यू’ केलं. आलेली कुत्री आणखी जवळ आली.

ढाब्यातली बाई चुलीपुढून उठून बघत होती. म्हणाली, ‘नाव घिऊन बोलीव की बाई. ही समदी यू यूच हायेत.’

नाव मला माहीत होतं. वर्षभर कानावर आदळत होतं. पण ते मी कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता चारचौघांत ती इंग्रजी मिठाई ओरडायची म्हणजे जिवावर आलं. पहिल्यांदा पुटपुटले, ते माझं मलाच ऐकू आलं. दुसऱ्यांदा मी मोठ्यानं ओरडले, भजी खाणारे लोक हसले, आणि कुत्र्यानं मान वर केली. असं धावत आलं ते, की माझ्या पायांना धडकणार असं वाटलं. धडकलं नाही. मला ओलांडून ते व्हॅनमध्ये शिरलं. पुढची सीट, मागची सीट, सीटखाली, सगळीकडे हुंगून आलं. ते नाव घेणाऱ्या मुलींना शोधत होतं. कुणीच नाही म्हटल्यावर दारात उभं राहून माझ्याकडे बघत राहिलं.

मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. मी त्याच्या मानेला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. साखळीनं गळ्याभोवतीचे केस गेले होते, तिथली कातडी जाड झाली होती. त्यानं अंग चोरलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. मामंजी ओट्यावर बसले होते, हातात भाकरीचा तुकडा. सवयीनं घेतला असावा, की दुसरं काही, मी विचारलं नाही. व्हॅनमधून कुत्रं उतरलेलं त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता तोंड सुटणार. त्याऐवजी ते हलक्या आवाजात ‘यू यू’ म्हणाले. कुत्र्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या पायाला टेकून तसंच उभं राहिलं. त्यांनी परत हाक मारली. परत तेच.

मामंजींनी हातातला तुकडा उलटसुलट केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सूनबाय, त्या पोरी काय म्हनायच्या गं त्याला? नाव काय हाय त्याचं?’

माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली. या घरात मी सूनबाई आहे, अगं आहे, आंटी आहे. माझ्या नावानं मला इथे कुणी हाक मारलेली नाही. हे आजवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्या क्षणी दुसरं काही सुचेना.

‘आणि माझं?’ मी विचारलं.

त्यांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि हातातल्या भाकरीकडे बघत बसून राहिले.