शाळेचं आवतन

खरातबाई दारात उभ्या राहायच्या. शिक्षकांची महिन्याची बैठक आमच्या बोरखेड्याच्या शाळेत भरायची. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे शिक्षक यायचे, कोणी थेट पंख्याखालची खुर्ची धरायचा, कोणी पायरीवरूनच चहाची चौकशी करायचा. बाई मात्र उंबऱ्याबाहेर. खांद्याला पिशवी, तोंडभर हसू, आणि आत यायचं नाव नाही. पहिल्यांदा मला वाटलं, चप्पल काढताहेत. मग वाटलं, कोणाची तरी वाट बघताहेत. शेवटी मी विचारलं, "बाई, येताय ना?"

"येताय ना न्हाई सर. या म्हणा, मंग येते."

मी 'या' म्हणालो. त्या आल्या, आणि पुढचे दोन तास बैठक त्यांनीच चालवली.

मी जुन्या जालन्यातला, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत वाढलेला. तिथं कोणी कोणाला 'या' म्हणायच्या भानगडीत पडत नाही, माणसं येतातच. त्यामुळे बाईंची ही सवय मला नखरा वाटायची. "बाई, पुढच्या बैठकीला पत्रिका छापू का?" असं मी छेडायचो. त्या शांतपणे म्हणायच्या, "छापा की. पर हातात द्यायला सोता या. बिलकुल पोस्टानं धाडू नका."

त्यांची शाळा खडकवाडीला होती. भोकरदनच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडची धनगरांची वस्ती. दोन खोल्या, एक लिंब, आणि पोरं बोटांवर मोजावीत इतकी. दुसरे शिक्षक बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, आणि चारही वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात पडले. गंमत म्हणजे लहान शाळांनी वस्तू वाटून वापरायची आमच्याकडे पद्धत होती. प्रोजेक्टर एकच, विज्ञानाची पेटी एकच. आज या शाळेत तर उद्या त्या. बाईंनी एकदा आमचे खो-खोचे खांबसुद्धा बैलगाडीत घालून नेले. आठ दिवसांनी परत आणले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं? मोडले का?"

"खांब मस्त उभे राह्यले, सर. मधी बसायला पोरं पुरंनात. सगळं उसनं मिळतंय, पोरं कुठून उसनी आणू?"

तिसरीत त्यांच्याकडे एकच मुलगी होती, पारी. पहिला नंबर तिचा, शेवटचाही तिचाच. ती चुणचुणीत होती, पण बाईंना तिची काळजी लागून राहिली होती. "हिचं चुकलं तर हसायला कोणी न्हाई, बराबर आलं तर जळायला कोणी न्हाई. एकटं लेकरू नुसतं पाठ करतंय, सर. शिकत न्हाई," असं त्या म्हणायच्या.

लहान शाळा मोठ्या शाळेत मिळवायचं वारं आलं, तेव्हा सगळा जिल्हा त्याच्या विरोधात बोलत होता. मीही बोलत होतो. बाईंनी मात्र स्वतःहून सांगितलं की माझी शाळा बोरखेड्यात मिळवा. मी चक्रावलो. शाळा मोडली की त्या अतिरिक्त ठरणार, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठंतरी फेकल्या जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घर भोकरदनला, सासू अंथरुणाला खिळलेली. मी म्हणालो, "बाई, स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय?" त्या म्हणाल्या, "माझे पाय दणकट हायेत. पारीचं बघा."

मग खडकवाडीत सभा झाली. शिक्षण खात्याचे साहेब आले होते. त्यांनी छान समजावून सांगितलं: मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला शिक्षक, संगणक, न्यायला-आणायला जीप. वस्तीवरचे लोक लिंबाखाली बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर गंगारामबाबा, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे, खांद्यावरची घोंगडी सारखी करत उठले. "समदं बराबर हाय, साहेब. पर आमचे लेकरं न्हाई यायचे."

"अहो, पण अडचण काय?"

"अडचण कायबी न्हाई. न्हाई यायचे."

साहेबांना वाटलं, पैशाचं काही असेल; त्यांनी प्रवासभत्त्याचं सांगितलं. बाबा चालायला लागले. साहेबांना वाटलं, ओढ्याची भीती असेल. त्यांनी पुलाचं सांगितलं. तोवर लिंबाखाली फक्त आम्हीच उरलो होतो.

साहेबांची गाडी गेल्यावर मी बाईंवरच चिडलो. म्हणालो, पोरी घरी बसतील आणि मेंढरांमागं जातील, झालं का समाधान? बाई सतरंजीची घडी घालत होत्या. "त्याईला जीप न्हाई पायजे, सर. आवतन पायजे. शाळा कोणाची? बोरखेड्याची. मंग बोरखेड्याचं कोणी आलं का, लेकरं पाठवा म्हणून? नुसता कागद आला. उद्या तुमच्या पोराच्या लग्नाला तहसीलचा हुकूम धाडला, तर व्याही येतील का?"

मला हसू आलं आणि पटलंही. म्हणालो, "मग तुम्हीच द्या ना आवतन. तुमचा शब्द इथं कोणी खाली पडू देत नाही."

बाईंचे हात थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याशी कडक बोलल्या. "मी न्हाई जायची. ज्याच्या घरी कार्य, त्यानं जायाचं."

मग जरा वेळानं त्यांनीच सांगितलं. त्यांचा आजा गावाची आवतनं द्यायचा. लग्न कोणाचंही असो, या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं फिरायचं, पाहुण्यांच्या गावापर्यंत पायी जायचं. "कार्य लोकाचं, पाय त्याचे. आन् त्याला 'या' म्हणायला कधी कोणी आलं न्हाई. सगळे जेवून उठले की मंग ह्यानं जायाचं, फडकं घेऊन, उरलंसुरलं आणायला. छप्पनला दीक्षा घेतली आन् ते काम टाकलं. तव्हापासून म्हातारा बिनबोलावता कोणाच्या दारात गेला न्हाई. मला मांडीवर घेऊन सांगायचा, 'माय, या म्हणल्याबिगर उंबरा वलांडू नको.'"

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या दारात उभं राहण्याला मी नखरा म्हणत होतो, आणि त्या ते हसण्यावारी नेत होत्या.

आता बोरखेड्याला तयार करायचं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष भाऊराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ते ऐकेचनात. "पोरं त्याईची, शाळा सरकारची. म्या कशाला हात जोडत जाऊ?" मी हात टेकले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भाऊराव 'या, बाई' म्हणाल्यावर आत गेल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या शाळेचा पटबी घसरून राह्यला. अर्धे लेकरं इंग्रजी शाळेत गेल्ते, आणखी चालले. उद्या बोरखेड्याची शाळा दुसऱ्या गावात मिळवली, तर तुमच्या नातवाला तुम्ही बिनबोलावता धाडताल का?"

भाऊरावांनी मिशी कुरवाळली. मग आत वळून बायकोला म्हणाले, "कुंकवाचा करंडा काढून ठेव सकाळी."

सकाळी आम्ही खडकवाडीला निघालो. भाऊराव, त्यांच्या मंडळी, आमचे मुख्याध्यापक आणि मी. मुख्याध्यापकांनी तर ठेवणीतला कोट घातला होता, त्या उन्हात. घरोघर गेलो, बायांना कुंकू लावलं, हातावर अक्षता दिल्या. भाऊराव प्रत्येक दारात म्हणत होते, "उद्यापासून लेकरं आपल्या शाळेत येऊ द्या." पहिल्या दारात त्यांचा आवाज फुटत नव्हता, पाचव्या-सहाव्या दारापर्यंत चांगला मोकळा झाला. गंगारामबाबांनी अंगावरची घोंगडी काढून आमच्यासाठी अंथरली, शेळीच्या दुधाचा चहा पाजला आणि मग विचारलं, "हं, ती जीप किती वाजता म्हणालते?" बाई आमच्याबरोबर नव्हत्या. त्या आपल्या शाळेत तक्ते गुंडाळत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जीप आली, सगळी पोरं उतरली. फक्त पारी नव्हती. आम्ही गेलो तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं, घरचे मेंढरं घेऊन रानात गेले होते, आणि आम्ही ते दार तसंच सोडून पुढं गेलो होतो. त्या घराला आवतन नाही, म्हणून पारी नाही! मी बाईंना फोन केला. त्या इतकंच म्हणाल्या, "पारी आली न्हाई, तर मी शाळा उगीच मोडली, सर." शेजारीच उभ्या असलेल्या भाऊरावांनी ते ऐकलं, मोटारसायकलला लाथ मारली आणि निघाले. मधल्या सुट्टीच्या आत पारी त्यांच्यामागं बसून आली, कपाळाला कुंकू लावून.

बाईंची बदलीची ऑर्डर महिन्याभरात निघाली. घनसावंगीच्याही पुढं, गोदाकाठचं गाव. जायच्या आधी आमच्या शाळेपाशी आल्या, फाटकातूनच पोरांकडे बघितलं. मी 'या, बाई' म्हणालो, दोनदा म्हणालो. त्यांनी मान हलवली. "आता आले तर ते माझ्याकडंच बघत बसतील. तुमच्याकडं बघू द्या." आणि बसथांब्याकडे गेल्या. मला त्या दिवशी वर्गात धड शिकवता आलं नाही.

सुरुवातीचे महिने त्यांचा रोज फोन यायचा. खडकवाडीची पोरं एका कोपऱ्यात घोळका करून बसायची, डबा खायलाही एकत्र. मी तसं सांगितलं की बाई नुसतं 'हं' म्हणायच्या.

मग दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस लगोरीवरून मैदानात जोरदार मारामारी झाली. शर्ट फाटले, एकाचं नाक फुटलं. मी घाबरून बाईंना फोन लावला. म्हणालो, "बाई, आपण सगळं केलं ते पाण्यात गेलं. वस्तीचे आणि गावातले भिडले."

बाईंनी विचारलं, "पारी कोणाकडून होती?"

मी आठवलं. "भाऊरावांच्या नातवाकडून."

"आन् समोर?"

"समोर तिचाच चुलतभाऊ. आणि बोरखेड्याची तीन-चार."

बाई हसल्या, आणि त्या हसण्यात रडणंही होतं.

"मंग झाली शाळा एक," त्या म्हणाल्या. "जल्दी मिटवू नका, सर. जरा भांडू द्या त्याईला."