वयनीचं लुगडं

"खाऊ दे गो, उपाशी लेकरू वाढतंय का कधी?" असं म्हणत आमची, म्हणजे अख्ख्या पाड्याचीच, वयनी ओंजळ पुढे करायची. समोर तुमचं ताट असो नाहीतर रोपाची पिशवी. तुम्ही तिच्याकडे एकदा जेवला असतात तर कळलं असतं. मी तर उठताना भिंत धरायचे.

डोळखांबच्या बाजूला आमचा पाडा. मागची टेकडी बोडकी झालेली. तिच्यावर ऐन, हेदूची झाडं लावायची म्हणून आम्ही बायकांनी रोपवाटिका केली. वयनीचे गुडघे धरलेले, तरी सगळ्यांच्या आधी हजर. म्हणायची, "त्या टेकडीवर एकदा सावलीला बसून भाकर खाईन. मग बोलावणं येऊ दे."

भातशेतीतला उरलेला युरिया ती रोपांना चिमूटभर घालायची. चिमूट कसली, मूठच ती! रोपं अशी तरारली की येणारा-जाणारा थांबून बघे, आणि ही लाजायची, जशी काही स्वतःची नातवंडं.

पावसात ती रोपं टेकडीवर लावली. होळीपर्यंत काटक्या झाल्या. पुढच्या वर्षी वयनीनं मूठ मोठी केली. पुन्हा काटक्या.

माझी भाची शेतकी कॉलेजात शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिनं वाळलेलं एक रोप उपटलं. मुळांवरची माती भसकन गळून पडली. मग जुन्या ऐनाखाली आपसूक उगवलेलं एक किडमिडं रोप काढलं, त्याची मुळं माती सोडेनात.

"मुळांवर बारीक बुरशी राहते, डोळ्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "ती लांबून पाणी, सत्त्व आणून देते. झाड तिला साखर देतं. खत आयतं मिळालं की झाड तिला द्यायचं थांबतं. मग ती कशाला राहील? आणि टेकडीवर पाणी कोण आणून देणार?"

वयनीनं ते वाळलेलं रोप उचललं. "म्हंजे मीच खाऊ घालून मारली का गो?"

मी म्हटलं, "चल, चहा ठेव."

मग ती ऐनाखालची माती आणून पिशव्यांत भरू लागली. युरिया बंद. पण रोपांपाशी वाकली की हात आपोआप पुढे व्हायचा, आणि रिकामा मागे यायचा. "बघवत नाय गो," म्हणून तोंड फिरवायची. त्यातली थोडी रोपं मात्र टेकडीवरचा उन्हाळा काढून जगली.

तेवढ्यात खालच्या अंगाला कोंबड्यांच्या शेडी झाल्या. वारा आला की डोळे चुरचुरतात. भाची म्हणाली, त्या वासातूनही तेच खत येतं, हवेतून मातीवर पडतं.

वयनीनं कपाळावर हात मारला. "आता या वाऱ्याचा हात कसा धरू?"

दुसऱ्या दिवशी बघते तर रोपवाटिकेच्या, शेडींकडच्या कुंपणाला तिचं जुनं लुगडं बांधलेलं.

"आजी, कापडानं वास अडतो का?" भाची हसली.

"अडंल तेवढा अडंल. माझं लुगडं जाड हाय."

या थंडीत वयनी गेली. टेकडीवरची झाडं अजून माझ्या कमरेला लागतात. त्यांच्या सावलीत भाकरीचं फडकंसुद्धा मावणार नाही.

लुगडं विटलंय, दोन ठिकाणी विरलंय. गाठ सैल झाली की मी आवळते. त्यानं काही अडतं का, ठाऊक नाही. मीही आता थकले. काल खालून वारा सुटला, लुगडं आत फुगलं, एक टोक सुटलं. ते मुठीत धरून मी उभी राहिले, वारा पडेपर्यंत.