मामांच्या चालीची गिरणीतली परीक्षा

मामांना जाऊन आज वर्ष झालं, आणि आज सकाळीच मी त्यांना नापास केलं.

आधी सगळं वाचा, मग शिव्या द्या.

माझे मामा बेंबळीत पिठाची गिरणी चालवायचे. तरुणपणी बँड पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. पुढं बँड मोडला आणि कीबोर्ड गिरणीतल्या फळीवर पीठ खात बसला.

मी बचत गटांसाठी मोबाइलवर छोटे व्हिडिओ बनवते. शेळी, डाळ, कोंबडी, असलं.

त्यांच्या मागं लावायला मला ते रेट्रो इलेक्ट्रॉनिक म्युझिक लई आवडतं. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, नुसतं टुणटुण उड्या मारत जाणारं. जुन्या कीबोर्डचा आवाज.

पहिल्यांदा मामांना विचारलंच नव्हतं. शेळ्यांच्या लसीच्या व्हिडिओला एक झकास चाल लावून मोकळी झाले.

कमेंटवर कमेंट. म्युझिक कोणतंय ताई? लस कधी द्यायची, हे एकानंही विचारलं नाही.

मामा म्हणाले, "माणूस डोलला अन् शेळी इसरला. पुढची चाल गिरणीत आण."

त्यांची परीक्षा ठरलेली. आधी गिरणी बंद ठेवून ऐकायचं. मग गिरणी चालू करून, फोन गव्हाच्या पोत्यावर ठेवून. बघणारं माणूस चुलीपाशी नायतर ट्रॅक्टरवर बसून बघतंय, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी दळणाला आलेल्या बाईला व्हिडिओतलं बोलणं चालीसकट ऐकवायचं. काय सांगितलं, हे तिला सांगता आलं तर पास.

निकाल भिंतीवर, खडूनं. डब्यांवर नावं लिहायचा तोच खडू.

माझ्या आवडीच्या बहुतेक चाली नापास. एकदा तर रागानं आठ दिवस गिरणीकडं फिरकले नाही.

नंतर चिडून विचारलं, तुमच्या ओळखीच्यानं बनवली असती तर?

"ओळखीच्याला तर आधी नापास करायचं, पोरी. त्याचं मन राखायला गेलीस की ऐकणाऱ्या बाईचं नुकसान."

आजारपणात मामांनी स्वतः एक चाल वाजवून फोनमध्ये ठेवली होती. मामींना ती परवा सापडली. वर्षश्राद्धाच्या दिवशी हीच व्हिडिओला लाव म्हणाल्या.

गिरणी बंद ठेवून ऐकली. रडले. मामा पाय आपटून ताल धरायचे, तो आवाजपण त्यात आलाय.

मग गिरणी चालू केली. चालीवर माझं बोलणं, हरभऱ्याच्या बियाला पेरणीआधी काय चोळायचं ते. शेजारच्या काकू ज्वारीचा डबा घेऊन उभ्या होत्या.

मधेच मामांनी बोटं नाचवलीत, वरात दारात आल्यावर बँडमध्ये नाचवायचे तशी. नेमकं औषधाचं नाव त्याखाली गेलं.

काकूंना ते सांगता आलं नाही.

मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. त्यांचीच हाय की."

मी खडू घेतला आणि लिहिलं, नापास. मामी दळण टाकत राहिल्या.

मग तिथंच पोत्यावर बसून मी तेवढा तुकडा काढला. सांधा जुळेना. चारदा केलं, पाचव्यांदा जुळला.

परत गिरणी, परत काकू.

औषधाचं नाव, किती चोळायचं, बी सावलीत वाळवायचं, काकूंनी घडाघडा सांगितलं. सांगताना त्यांची मान तालावर हलत होती. त्यांच्या ते लक्षातपण नव्हतं.

मामींनी माझ्या हातातला खडू घेतला. नापास पुसलं नाही. त्याच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, पास.

आणि मग पदरानं डोळे पुसले.

व्हिडिओ टाकून चार तास झालेत. औषध कुठं मिळतं, सगळे तेच विचारतायत.

म्युझिक कुणाचं, हे अजून एकानंही विचारलं नाही, मामा.

तुमच्या भाचीचा नमस्कार.