साडेदहाचे चार

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. मालक गेले, त्यांनाही सांगितलं नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

मी धसईला. मुलगा-सून वाशिंदला, दोघं नोकरीवर. नात मयुरी शहापूरला होस्टेलात, तेव्हा तिसरीत. सुनेने घरच्या सगळ्यांच्या फोनात एकच कॅलेंडर लावलं. कुणी काय करायचं, किती वाजता — सगळं त्यात यायचं. मी चौथी शिकलेली, तेवढं वाचता येतं. पण तेव्हापासून मला कुणी फोन करेना. मी केला तर सून म्हणायची, "आई, फोनात टाकलंय ना, बघा की." आता नुसतं बोलायला फोन केला असेल तर — ते कॅलेंडरात कुठं टाकायचं?

दिवाळीच्या सुट्टीला मयुरीला आणायचं काम माझ्या नावावर आलं. वेळ दुपारी चार.

सुनेने सकाळचे साडेदहाच टाकले होते. तिच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून टाकलं की आमच्या फोनात वेळ पुढे सरकते, हे नंतर कळलं. मुलगा म्हणाला, "आये, तुझा काय दोष त्यात?" सून तर रडली. "आई, माफ करा. मी एक फोन करायला पायजे होता."

मी ती माफी घेतली.

कारण — आता बोलतेच — मला साडेदहा माहीत होतं. मागच्या भेटीला मयुरीने पदर धरून सांगितलं होतं, "आजी, साडेदहाला सोडतात गो. उशीर नको करू." त्या सकाळी मी लुगडं नेसून तयार होते. फोनात चार बघितले आणि ओटीवर तांदूळ निवडत बसले. होऊ दे फजिती. कळू दे सुनेला, माणसाला विचारावं लागतं. सकाळची एसटी समोरून गेली. पोरीचा विचार आला नाही का? आला. तरी बसले.

चारला पोचले. बाकी सगळ्या पोरी गेलेल्या. मयुरी फाटकाशी पेटीवर बसलेली. वॉचमन म्हणाला, "घरी फोन लावतो म्हटलं, तर नको म्हणे, आजी येतेच. जेवायला पन उठली नाय." तिचा फ्रॉक ओला होता. जागा सोडली तर चुकामूक होईल, म्हणून ती कुठंच, लघवीलासुद्धा, गेली नव्हती.

"आजी, मी तुला साडेदहा सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "नाय गो. तू चार म्हणालीस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "असंल."

कॅलेंडर अजून फोनात आहे. माझ्या नावावर आता काही येत नाही. मयुरी कॉलेजात गेली, एकटी येते-जाते. पण कुणाला वेळ सांगितली की थांबते आणि परत विचारते, "मी बरोबर बोलले ना?"

ती बरोबर बोलली होती.