हरतालिकेचा घोट

हे लिहायला मी फार वर्षं लावली.

माझा आजार वरून दिसत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, तोंडाला लाळ सुटत नाही, कोरडा घास घशाखाली उतरत नाही, बोटांचे सांधे धरतात. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "ग्रंथी सुकताहेत. औषध नाही. घोट घोट पाणी पीत राहा, जन्मभर." घरी मी हे कुणाला बोलले नाही. आमच्याकडे हरतालिका निर्जळी. दर वर्षी न्हाणीघराचं दार लावून मी चोरून पाणी प्यायचे. आणि एका वर्षी पोटुशी असलेली माझी धाकटी जाऊ घोटभर पाणी प्यायली, तर साऱ्या बायकांत मीच तिला म्हटलं, "नवऱ्याच्या आयुष्यापेक्षा तहान मोठी का गं?" तिनं भांडं खाली ठेवलं.

त्याच भाद्रपदात ह्यांना विषमज्वर झाला. माझ्या मनानं घेतलं, हे माझंच पाप. ताप उतरेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या तळ्याजवळच्या शंकराच्या देवळात गेले, तर जीभ टाळ्याला चिकटलेली. देवाचं नावही घेता येईना. पायरीवर मिठागरात राबणारी एक म्हातारी टेकली होती. माझे फुटलेले ओठ बघून तिनं काय झालं म्हणून विचारलं. मी कशीबशी "व्रत" म्हणाले. पिंडीवर ठिबकणाऱ्या अभिषेकपात्राकडे तिनं बोट केलं. "बाय, देवाला सोताला दिसभर डोक्यावर पानी लागतं. तुला घोटभर लागलं तं त्यो रागावंल का? गुपचिप पी."

तिच्या लोटीतलं पाणी प्यायले. लोटी कुणाची, हे तेव्हा मनातही आलं नाही.

घरी आले ती थेट जावेकडे. ती तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं.

"ठाऊक होतं, जाऊबाई. न्हाणीघरातून याल तेव्हा पदर ओला असायचा."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तहान लागलीच होती ना तुम्हांला," ती म्हणाली, आणि खडे वेचू लागली.

ह्यांचा ताप पुढं बऱ्याच दिवसांनी उतरला. त्या घोटाशी मी त्याचा संबंध जोडत नाही. आजारही आहे तिथंच आहे. पुढच्या हरतालिकेला मी सासूबाईंसमोर तांब्या घेऊन बसले. त्यांनी फुलपात्र तेवढं पुढं सरकवलं. शरण जायचं तर काहीतरी सोसून दाखवावं लागतं, असं मी समजत होते. देवाला तर मी होते तशीच, तहानलेली, समोर बसायला हवी होते. हे त्यानं मला त्या म्हातारीच्या आणि जावेच्या तोंडून सांगितलं. त्या दोघींना माझा नमस्कार.