माझ्या सहीनं उडणारं विमान

बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. ड्यूटीवरून लोणारच्या घरी येत तेव्हा ग्रीसचा वास त्यांच्याआधी आत यायचा. मी विमानाच्या इंजिनांचं काम शिकायचं ठरवलं तेव्हा नातेवाईक हसले. बाबा एवढंच म्हणाले, "इंजिन इंजिनच असते. शिक."

आज मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांची देखभाल करते. आमचं सगळ्यात जुनं चार सीटचं विमान माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. ते बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनं अशी विमानं शेतकऱ्यांना, डॉक्टरांना घरच्या मोटारीसारखी विकली. पुढे अपघातांवरून इतके दावे लागले की काही वर्षं तिनं ती बनवणंच थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं. नव्या विमानांत काट्यांच्या तबकड्यांच्या जागी स्क्रीन आले, पण सांगाडा जवळपास तोच. म्हणून आमच्या म्हाताऱ्याला अजून सुटे भाग मिळतात.

गेल्या हिवाळ्यात त्याचा ऑइल फिल्टर मी नेहमीप्रमाणे कापून उघडला. कागदाच्या घड्यांत बारीक चमक दिसली. चुंबक फिरवलं, तर कण चिकटले. पोलाद होतं, म्हणजे इंजिनात काहीतरी झिजत होतं. मी विमान थांबवलं.

मुख्य प्रशिक्षक तावातावानं हँगरमध्ये आले. "मॅडम, इंजिन मस्त चालतंय. पोरांचे उड्डाणाचे तास अडलेत. पुढच्या तपासणीला बघू."

"सर, सही माझी लागते. मी करणार नाही."

बोलले खरी, पण चुंबक त्या घड्यांवर पुन्हा दोनदा फिरवून पाहिलं. दुपारी बाबांना फोन केला.

"तुले काय दिसलं ते सांग," ते म्हणाले. मी सांगितलं.

"मंग काऊन घाबरून राह्यली वं? खोल इंजिन."

दुसऱ्या दिवशी एक सिलिंडर उतरवला. आतल्या, झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक उंचवटा कुरतडल्यासारखा झिजला होता. प्रशिक्षक टॉर्च धरून बराच वेळ पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "यात मी उद्या एका मुलीला पहिल्यांदा एकटीनं उडायला सोडणार होतो."

इंजिन पूर्ण दुरुस्त होऊन पुन्हा विमानात बसलं, त्या आठवड्यात मी बाबांना बोलावून घेतलं. ते बसनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून. उघड्या इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या, एका पाइपचा क्लॅम्प बोटानं हलवून पाहिला आणि मान डोलावली. मग इंजिनाचं झाकण लावल्यावर तीच मुलगी एकटी विमान घेऊन गेली. ती उतरेपर्यंत बाबा उन्हात उभे होते. सावलीत या म्हटलं तर ऐकेनात.

"हे उडवायची परवानगी कोन देते?" त्यांनी विचारलं.

मी लॉगबुक उघडून सही दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि सहीखालचं आमचं आडनाव दोनदा वाचलं.

"चाल," ते म्हणाले, "आता चहा पाज."